हरणाच्या शिकारीची गोळी : काडतुसे स्वतः भरणाऱ्यांपुढील एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षी शरद ऋतूच्या उत्तरार्धात हरणांची जी शिकार होते, तिच्या व्याप्तीची कल्पना आपल्याकडील वाचकास सहजासहजी येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या पाच लाखांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरली होती, असा अंदाज आहे. तेच हरीण संरक्षणाच्या कायद्यांमुळे आणि पुनर्वसनाच्या प्रयत्नांमुळे आज तीन कोटींच्या आसपास पोहोचले असून, दर वर्षी सुमारे साठ लाख हरणे परवानाधारक शिकाऱ्यांच्या हातून पडतात, आणि त्यांचे मांस बहुधा त्या शिकाऱ्याच्याच घरी शिजते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटविला, तेव्हा प्रस्तुत प्रश्न आपल्या दृष्टीने व्यवहाराचा नसून केवळ ज्ञानाचा आहे. परंतु पदार्थविज्ञान, धातुविद्या, कायदा, प्राण्याविषयीची करुणा आणि घरातील मुलांचे आरोग्य ही सर्व ज्यात एकत्र येतात, असा हा प्रश्न असल्यामुळे त्याचा तटस्थ आढावा घेणे निरर्थक ठरू नये.

या शिकाऱ्यांतील एक मोठा वर्ग तयार काडतुसे विकत न घेता ती घरी भरतो. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवावयाची, साच्यात दाबून तिला पूर्ववत आकार द्यावयाचा, तिच्या बुडाशी नवी टोपी बसवावयाची, तराजूवर तोललेली दारू आत ओतावयाची आणि शेवटी तोंडाशी गोळी बसवावयाची, असा हा उद्योग आहे. काटकसर हा त्याचा एक हेतू आणि अचूकता हा दुसरा. परंतु यात एक जबाबदारीही आपोआप अंगावर येते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. तयार काडतुसात गोळीची घडण आणि तिचा वेग यांची सांगड कारखानदाराने घातलेली असते, तर घरी भरणाऱ्यास ती स्वतःच घालावी लागते. ‘कोणती गोळी उत्तम?’ या प्रश्नावर गेली ऐंशी वर्षे चाललेल्या वादाचा बराच भाग, ‘ती हरणास कोणत्या वेगाने जाऊन भिडणार?’ हा प्रश्न आधी न विचारल्यामुळे निर्माण झालेला आहे.

पूर्वपीठिका

काळ्या दारूच्या काळी हा वाद नव्हता. त्या दारूने गोळीस सेकंदाला साधारण दीड हजार फुटांपर्यंत वेग मिळे, गोळी जाड आणि मऊ शिशाची असे, आणि ती आपल्या आकारानेच काम भागवी. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने निर्धूम दारू सिद्ध केली, आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती आठ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. वेग दोन हजार फुटांवर गेला. परंतु इतक्या वेगात उघडे शिसे नळीच्या आट्यांत, म्हणजे आतील पिळदार खाचांत, टिकेना. त्यावर स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन याने गोळीस तांब्याचे आवरण चढविण्याची जी युक्ती त्याच सुमारास काढली होती, ती सर्वत्र रूढ झाली.

या आवरणातूनच पुढची अडचण उद्भवली. पूर्ण आवरणाची बारीक गोळी देहातून सुईसारखी आरपार जाई आणि जखम लहान राही. चित्रळच्या आणि वायव्य सरहद्दीवरील इतर मोहिमांत ब्रिटिश सैन्याने हीच तक्रार केली, तेव्हा कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार करविली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळीस युद्धात मनाई केली; शिकारीचा कायदा मात्र नेमका उलट दिशेने गेला. इंग्लंड-वेल्सचा १९९१ चा हरीणविषयक कायदा असो वा अमेरिकेतील अनेक राज्यांचे नियम असोत, हरणावर चालविण्याची रायफलची गोळी पसरणारीच असली पाहिजे, अशी सक्ती त्यांत आहे. सैनिकास जायबंदी करून थांबविणे युद्धात पुरते; जनावर मात्र जखमी होऊन झाडीत पळाले, तर त्यास तासन्‌तास यातना भोगाव्या लागतात, आणि त्या टाळणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

१८९५ मध्ये आलेले ३०-३० हे काडतूस सुमारे दोन हजार फूट वेगाचे होते, आणि उघड्या टोकाची साधी गोळी त्यास पुरेशी होती. १९०६ च्या ३०-०६ ने आणि १९२५ च्या .२७० विंचेस्टरने वेग पुढे तीन हजार फुटांच्या घरात नेला, तेव्हा तीच गोळी जवळच्या अंतरावर हाडास लागताच फुटून विखरू लागली. आवरण आणि गाभा यांना एकत्र धरून ठेवण्याचे प्रयत्न जर्मनीत लवकर सुरू झाले होते; आरडब्ल्यूएस कंपनीची ‘एच-मांटेल’ गोळी १९३० च्या दशकातली. अमेरिकेत या विषयास निर्णायक वळण मिळाले ते १९४६ मध्ये. त्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर यांच्या .३०० मॅग्नम रायफलच्या गोळ्या वाळलेल्या चिखलाने माखलेल्या एका प्रचंड मूसच्या खांद्यावरच फुटून गेल्या, आत शिरल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी मध्यभागी तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी घडविली. तिचा पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा पडद्याआड सुरक्षित राहून आत घुसत जातो. हीच ‘पार्टिशन’ गोळी; १९४८ पासून ती विकली जाऊ लागली आणि अद्याप विकली जाते.

त्या काळाचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. महायुद्ध संपल्यावर सरकारी साठ्यातील दारू ब्रूस हॉजडन यांनी स्वस्तात विकावयास काढली. स्पीअर यांचा गोळ्यांचा कारखाना युद्धकाळातच निघाला होता; १९४७ ला सिएरा, १९४८ ला नोस्लर आणि १९४९ ला हॉर्नडी अशी एकामागून एक नावे त्यात येऊन मिळाली. गोळी हा स्वतंत्रपणे विकण्याचा माल झाला, आणि त्याचा ग्राहक होता घरी काडतुसे भरणारा माणूस. शिकारीच्या गोळीतील सुधारणा पुढे जेवढ्या झाल्या, त्यांपैकी बहुतेक आधी याच ग्राहकाच्या मेजावर आल्या आणि मग तयार काडतुसांत शिरल्या.

वेग, वजन आणि नेम

पहिला मोठा वाद वेग आणि वजन यांचा. कॅलिफोर्नियाचे रॉय वेदरबी १९४५ पासून प्रतिपादन करीत आले की हलकी गोळी अतिवेगाने मारल्यास तिच्या आघातानेच जनावर जागच्या जागी कोसळते. याच्या विरुद्ध टोकास आयडाहोचे एल्मर कीथ होते. जाड व्यासाची, जड गोळी मध्यम वेगाने मारावी, म्हणजे कोणत्याही कोनातून ती मर्मापर्यंत पोहोचेल, असा त्यांचा पक्ष. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून लिहिणारे जॅक ओकॉनर .२७० चे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्धी पावले. परंतु नेम योग्य जागी लागला नाही तर कोणतेही काडतूस पुरे पडत नाही, हेच त्यांच्या लेखनाचे खरे सूत्र होते. या तिघांच्या अनुयायांनी जितकी शाई खर्चिली, तितकी त्यांच्या मतांतील अंतराने सार्थ ठरत नाही. कीथ यांचा अनुभव एल्कसारख्या भारी जनावरांचा होता, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छाती जेमतेम फूट-सव्वा फूट रुंद असते, एवढे ध्यानात घेतले तरी अर्धा वाद निवतो.

शास्त्रीय बाजूने या चर्चेस शिस्त आणली ती अमेरिकन सैन्यातील शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी, १९८० च्या दशकात. दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या मारून त्यांनी जखमेचे दोन भाग वेगळे दाखविले : ऊती प्रत्यक्ष चिरडल्या जाऊन राहणारी कायमची पोकळी, आणि ऊती क्षणभर बाजूस ताणल्या जाऊन होणारी तात्पुरती पोकळी. फुफ्फुसासारखी लवचीक इंद्रिये हा ताण बराचसा सोसतात, यकृतासारखी ठिसूळ इंद्रिये फाटतात. गोळीने किती ऊर्जा ‘दिली’ यावरून जखमेचे मोजमाप करणे चूक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हृदय निकामी झाले तरी मेंदूतील प्राणवायू दहा-पंधरा सेकंद पुरतो, आणि तेवढ्या वेळात हरीण शंभर यार्डांपर्यंत सहज धावू शकते. तेव्हा धावलेले प्रत्येक हरीण म्हणजे गोळीचे अपयश, हे समीकरण त्यांच्या मते निराधार. पुढे मायकल आणि एमी कोर्टनी या संशोधक दांपत्याने दाबाची लाट दूरच्या मज्जासंस्थेवरही परिणाम करते, असे प्रयोगांच्या आधारे मांडून हा विषय पुन्हा उघडला. त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नाही, पण ते फेटाळले गेले, असेही म्हणता येणार नाही.

मऊ गोळी, कणखर गोळी

आज दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांचे स्थूलमानाने तीन पक्ष करता येतात.

पहिला पक्ष साध्या गोळीचा : तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण, आत शिसे, टोक उघडे किंवा प्लास्टिकचे. रेमिंग्टनची ‘कोअर-लॉक्ट’, हॉर्नडीची ‘इंटरलॉक’, सिएराची ‘गेमकिंग’ ही याच कुळातली. ही गोळी लवकर पसरते, स्वस्त असते आणि कमी वेगातही उघडते. मात्र अतिवेगात आणि हाडावर तिचा भरवसा कमी. दुसरा पक्ष कणखर गोळीचा. ‘पार्टिशन’ यातलीच; तिच्या पाठोपाठ गाभा आवरणास डाखून एकजीव केलेल्या गोळ्या आल्या आणि १९८९ मध्ये रँडी ब्रुक्स यांच्या बार्न्स कंपनीने शिसे अजिबात नसलेली, टोकाशी पोकळ असलेली अखंड तांब्याची गोळी आणली. ती चार पाकळ्यांनी उमलते आणि आपले वजन जवळजवळ सर्व राखते. तिसरा पक्ष अलीकडचा, आणि पहिल्या दोहोंस धक्का देणारा. बर्गर कंपनीच्या शिकारीच्या गोळीविषयी स्वतः कारखानदारच असे सांगतो की, ती काही इंच आत शिरून मग फुटावी, वजनाचा बराच भाग तुकड्यांच्या रूपाने इंद्रियांत विखुरला जावा, हाच तिचा हेतू. इतर ज्यास दोष मानीत आले, त्यास हा पक्ष गुण मानतो.

कणखर गोळीचे समर्थक ‘राखलेले वजन’ हे गुणवत्तेचे माप धरतात. पण गोळीने वजन का राखावयाचे? खोल जाण्यासाठी. आणि हरणात किती खोल जावयाचे? बाजूने बार टाकला तर पंधरा इंचही नाही. मूस आणि अस्वल यांच्यासाठी जन्मास आलेले माप हरणास लावले गेले आहे, हा साध्या गोळीच्या पक्षाचा युक्तिवाद मला सबळ वाटतो. त्यास थोडा पुरावाही आहे. दक्षिण कॅरोलिनाच्या वन्यजीव खात्यातील जीवशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात एका शिकार-क्लबातील सुमारे पाचशे बारांची नोंद ठेवली, मुख्यतः माग काढणाऱ्या कुत्र्यांचा उपयोग अजमावण्यासाठी. तीत असे आढळले की गोळीच्या व्यासाने विशेष फरक पडत नाही. मऊ गोळीने मारलेली हरणे कणखर गोळीने मारलेल्यांपेक्षा कमी अंतर धावतात. आणि खांद्यावर लागलेला बार इतर कोणत्याही बारापेक्षा लवकर काम करतो. त्याचबरोबर, तिरप्या कोनातून किंवा पळत्या हरणावर मागून, मांडीच्या बाजूने बार टाकावा लागला, तर मऊ गोळी वाटेतच संपते, हा कणखर पक्षाचा आक्षेपही तितकाच खरा आहे. खांद्यावर लागलेली मऊ गोळी पुढच्या पायाचे बरेच मांस रक्ताळून टाकते, ही तक्रार तर प्रत्येक खाटीक करतो.

घरी भरणाऱ्याचा विशेष प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तीनशे आठ सहस्रांश इंच व्यासाच्या गोळ्या एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि ३०-३०, .३०८ किंवा ३०-०६ यांपैकी कोणत्याही पुंगळीत त्या बसू शकतात. त्यांपैकी १७० ग्रेन वजनाची चपट्या टोकाची गोळी ३०-३० साठी, म्हणजे सुमारे २२०० फूट वेगासाठी घडविलेली असते. ती ३०-०६ मध्ये भरून पन्नास यार्डांवरील हरणावर मारली, तर ती वरच्यावर फुटून भयंकर पण उथळ जखम करील. उलट, मॅग्नमसारख्या अतिवेगाच्या काडतुसासाठी घडविलेली कणखर गोळी मंद वेगाने मारली, तर ती न उमलता पार निघून जाईल. साध्या गोळ्या साधारण १८०० फुटांपर्यंत उमलतात, अखंड तांब्याच्या बहुतेक गोळ्यांस त्याहून अधिक, दोन हजारांच्या आसपास वेग लागतो, असे सामान्यतः मानले जाते. दीडशे ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमहून किंचित कमी वजनाची गोळी ३०-०६ मधून २९०० फुटांनी निघाली, तरी चारशे यार्डांवर तिचा वेग २१०० च्या आसपास उतरलेला असतो. ज्याला साठ यार्डांवर ओढ्याकाठी बसावयाचे आहे, त्याची आणि ज्याला वायोमिंगच्या माळावर चारशे यार्ड पाहावयाचे आहेत, त्याची गोळी एक असण्याचे कारण नाही.

याच विसंगतीचा सदुपयोगही होतो, आणि तो मला या छंदाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. घरातील लहान मुलास किंवा खांदा दुखणाऱ्या वृद्धास पूर्ण भाराच्या रायफलचा धक्का सोसत नाही. अशा वेळी .३०८ च्या पुंगळीत कमी दारूची भरणी करून तीच ३०-३० ची मऊ गोळी बसविली, तर धक्काही कमी होतो आणि गोळी ज्या वेगासाठी घडविली त्याच वेगाने भिडून नीट उमलते. अर्थात, दारू कमी करणे हेही पुस्तकातील कोष्टकाप्रमाणेच करावयाचे असते. मंद जळणारी काही दारू ठरावीक मर्यादेखाली वापरणे धोक्याचे ठरू शकते.

टोकाच्या आकाराचीही एक मर्यादा आहे. ३०-३० च्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक उभी असतात, आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते. टोकदार गोळी तेथे टोपी उडवू शकते, म्हणून चपटे टोक अनिवार्य. हॉर्नडीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबरासारख्या मऊ टोकाची गोळी आणून ही अट सैल केली.

तांब्याच्या गोळीने भरणाऱ्याचे गणितच बदलले आहे. शिशाची घनता पाण्याच्या अकरापटींहून अधिक, तांब्याची नऊपटींहून किंचित कमी. म्हणून समान वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत अधिक जागा अडविते, आणि शिशाच्या गोळीचे कोष्टक जसेच्या तसे वापरल्यास दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. शिवाय गोळीचे स्थैर्य वजनापेक्षा लांबीवर अधिक अवलंबून असल्याने, जुन्या रायफलीतील आट्यांचा सैल पीळ लांब गोळीस स्थिर ठेवीलच, असे नाही. .२४३ च्या दहा इंचात एक फेरा देणाऱ्या नळ्यांत ही अडचण विशेष जाणवते. यावर व्यवहारी तोडगा असा रूढ झाला आहे की तांब्याची गोळी घ्यावयाची, तर वजनात एक पायरी खाली उतरावे : जेथे १८० ग्रेन शिसे वापरले जाई तेथे १५० ग्रेन तांबे. वजन कमी, म्हणून वेग जास्त, आणि वेग जास्त म्हणून उमलण्याची खात्री. वेदरबी आणि कीथ यांच्या वादात पूर्वी कोणासही न सुचलेली ही तडजोड धातूच्या गुणधर्मानेच घडवून आणली.

शिशाचा प्रश्न

गेल्या वीस वर्षांत मात्र वादाचे केंद्र जखमेवरून ताटाकडे सरकले आहे. सुरुवात झाली ती कॅलिफोर्नियाच्या कॉन्डर गिधाडांपासून. १९८२ मध्ये जगात या पक्ष्यांची संख्या अवघी बावीस उरली होती. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे मोठे कारण, शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतील शिशाचे कण हे ठरले. कॅलिफोर्नियाने प्रथम कॉन्डरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात शिकारीस शिशाची गोळी बंद केली. दरम्यान २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वायोमिंगमध्ये मारलेल्या तीस हरणांचे मांस खाटिकांकडून कुटवून घेऊन क्ष-किरणांखाली तपासले असता, २३४ पुड्यांपैकी ३२ टक्के पुड्यांत धातूचे कण आढळले. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातील शिसे वाढले. नॉर्थ डकोटात शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तातील शिसे इतरांपेक्षा किंचित अधिक आढळले, पण ते तत्कालीन धोक्याच्या पातळीच्या खालीच होते.

येथे दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. एक म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या हे मांस खाल्ले गेले, आजारी पडलेली माणसे दाखवा. जखमेभोवतीचे मांस उदारपणे कापून टाका, म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि जखमेपासून दूरवर जातात. लहान मुलांच्या रक्तात शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी वैद्यकास ठाऊक नाही. घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल, तर दुसरा युक्तिवाद मला निःसंशय अधिक वजनदार वाटतो. अशा घरासाठी गोळी भरणाऱ्याने किमतीचा आणि सवयीचा विचार मागे ठेवावा, हे मी आग्रहाने म्हणेन.

तांब्याची गोळी मारण्यात उणी पडते काय, यावर युरोपात बरेच काम झाले आहे. डेन्मार्कमध्ये प्रत्यक्ष शिकारीत बार लागल्यानंतर हरीण किती धावले याची तुलना केली असता, शिसे आणि तांबे यांत व्यवहारात महत्त्वाचा असा फरक आढळला नाही. १ एप्रिल २०२४ पासून त्या देशाने शिकारीच्या रायफल-गोळ्यांतील शिसे बंद केले. जर्मनीतील काही राज्यांनी आपल्या जंगलांत तशीच बंधने घातली आहेत.

अनिर्णित बाबी

तरीही बरेच काही उरते. युरोपातील शिकार बहुधा मध्यम अंतराची असते. चारशे यार्डांपलीकडे, उमलण्याच्या सीमेवर पोहोचलेली तांब्याची गोळी कशी वागते, याच्या पद्धतशीर नोंदी अल्प आहेत, आणि नेमके तेथेच अमेरिकेतील दूर अंतराच्या नव्या शिकारीचे लक्ष लागलेले आहे. तात्पुरत्या पोकळीचे खरे महत्त्व किती, हा फॅकलर यांच्यानंतरचा वाद मिटलेला नाही. जिलेटिनमध्ये हाडे, कातडे आणि हवेने भरलेले फुफ्फुस नसते, म्हणून तेथील निष्कर्ष जंगलात कितपत लागू करावेत, याबद्दल तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. आणि जखमी होऊन न सापडलेल्या हरणांची तर गणनाच होत नाही. गोळ्यांच्या तुलनेत खरे वजन ज्या प्रकरणांस द्यावयास हवे, तीच दप्तरात येत नाहीत.

कायदाही अद्याप शिशाच्या हिशेबानेच चालतो. कोलोरॅडोत हरणासाठी किमान व्यास, किमान ७० ग्रेन वजन आणि शंभर यार्डांवर किमान एक हजार फूट-पौंड ऊर्जा ठरवून दिलेली आहे. ज्या ऊर्जेस फॅकलर यांनी जखमेचे माप म्हणून नाकारले, तीच तेथे कायद्याचे माप आहे. स्कॉटलंडमध्ये रो हरणाखेरीज इतर हरणांसाठी १९८५ पासून किमान १०० ग्रेनची अट होती. हलक्या पण लांब तांब्याच्या गोळ्या त्या अटीत बसेनात, म्हणून २०२३ मध्ये ती ८० ग्रेनवर आणावी लागली. वजनाचे बंधन काढून त्याऐवजी भिडण्याच्या वेळचा वेग आणि उमलण्याची हमी यांवर नियम बांधता येईल काय, आणि बांधला तर घरी भरलेल्या काडतुसाची तपासणी कोणी व कशी करावी, याचा विचार अद्याप कोणत्याही विधिमंडळाने हाती घेतलेला दिसत नाही.